आठाचे सोळा

सोनखेड, ता. दर्यापूर
८ डिसेंबर २००५

गफ्फारभाऊ,

तब्येत विचारत नाई. पेपरात लीगचे अध्यक्ष म्हणून तुमचा हार घातलेला फोटो पाहिला, त्यात चांगले धडधाकट दिसता. फोन केला असता, पण माह्या एका कानानं ऐकू येत नाई अन् दुसऱ्या कानात तुमचं हसणंच जास्त येते. म्हणून लिहून राहिली. चौथी पास बाईचं अक्षर आहे, चष्मा पुसून वाचा.

पूर्णाकाठच्या आपल्या कबड्डी लीगात औंदा आठाचे सोळा संघ केले म्हणे तुमी. सोळा गावं म्हटलं की ऐकायले बरं वाटते. पण भाऊ, संघ वाढवले ते वाढवले, खेळणारी पोरं कुठून वाढवली? पंगत वाढली की वरणात पाणी ओतता येते. चढाई करणाऱ्यात काय ओतान?

जुन्या संघांनी दोन-दोन पोरं नव्या संघांले द्यायची, तीबी चिठ्ठ्या टाकून. आमच्या गावातून मोईजची चिठ्ठी निघाली. शेजारच्या बिल्कीसचा पोरगा, तुमी त्याले ओळखता. तो गेला अकोटच्या नव्या संघात. आता माहा नातू पियुष डाव्या कोपऱ्यात एकटा पडला. हे दोघं चड्डी सावरत फिरायचे तवापासून हात धरून उभे राहातात. मोईजनं हात दाबला की पियुषले समजे, आता पाय धरायचा. आता त्याच्याजवळ कोणी नवाच उभा राहाते. त्यानं हात दाबला तं पियुष त्यालेच विचारते, काय झालं बे?

अन् वजनाची अट काढली म्हणे. पासष्ट किलोच्या आतले गडी भरले नाई म्हणून आता कोणीबी चालते. म्हणजे बैलाबरोबर गोऱ्हा जुंपला. कोणाचं तरी लेकरू मोडंल, मंग म्हणान सांगितलं नाई. सांगून राहिली. संघ कमी करा.

तुमच्या दोस्ताची बायको,
दुर्गा


अकोला
१७ डिसेंबर २००५

दुर्गावहिनी, सलाम.

चष्मा पुसून वाचलं. दोनदा वाचलं. आमची बेगम म्हणाली, एवढ्या शिव्या खाऊन कोणी एवढं हसतं का. मी म्हटलं, भगवंतरावांच्या घरची शिवी आहे, तिला चव असते.

वहिनी, मी आणि भगवंता एकाच संघात वाढलो. तेव्हा आपल्याला खेळायला मिळालं, कारण आपल्या गावाला मैदान होतं. ज्या गावाला नव्हतं त्या गावातली पोरं काठावर उभी राहून बघत. बघणाऱ्यांत आपल्यापेक्षा चांगला कोणी नव्हता, असं छातीवर हात ठेवून सांगता येईल का?

आणखी एक सांगतो, हे पेपरात आलं नाही. गेल्या साली मी बोरटाकळीला गेलो होतो. तुमच्यापासून लांब नाही ते गाव. तिथं एकाच महिन्यात दोन तरण्या पोरांनी औषध घेतलं. पिकावर मारायचं औषध. मी सांत्वनाला गेलो. निघताना पारावर दहा-बारा पोरं बसलेली, हातात काही नाही, तोंडात काही नाही. त्यातला एक उठून म्हणाला, चाचा, आमच्या गावात टीम काहून नाई? हे सोळा संघ म्हणजे त्याला माझं उत्तर आहे.

खेळाचा दर्जा थोडा उतरेल, कबूल. दोन वर्षांत वर येईल. पोरं संध्याकाळी मैदानावर आली, एवढं झालं तरी मला पुरे आहे.

मोईजबद्दल वाईट वाटतं. पण चिठ्ठी ती चिठ्ठी, माझ्या ओळखीची म्हणून परत घडी घालता येत नाही.

तुमचा,
अब्दुल गफ्फार


सोनखेड
२ जानेवारी २००६

गफ्फारभाऊ,

तुमचं पत्र वाचून त्या दिवशी कोणालेच शिवी दिली नाई. घरच्यांले वाटलं तब्येत बिघडली.

मंग बोरटाकळीले गेली. जीपीत मांडीवर कोणाची तरी कोंबडी घेऊन गेली, पण गेली. तुमी म्हणता तशी पोरं मैदानावर आली होती, खोटं नाई. तुमाले पाहून कोण उठला होता ते मी विचारलं. सहदेव त्याचं नाव. देवमनचा पोरगा. बाप अकोटच्या कापसाच्या जिनिंगवर असते, हप्त्यातून एकदा घरी येते. सहदेव म्हणजे बाभळीची काडी. पण डोळे असे की आत्ताच कोणी नाव घेऊन हाक मारली. मले म्हणाला, आजी, मी चढाई करतो. मी म्हटलं, दम किती? त्यानं कबड्डी-कबड्डी म्हणून दाखवलं, बरा होता. मंग म्हटलं, पड. तो म्हणाला, पड म्हंजे? तेच विचारून राहिली होती मी. त्याले पडता येत नाई भाऊ. कोणालेच येत नाई. धरल्यावर अंग कसं सोडायचं, मान कुठी ठेवायची, हे कोणी शिकवलंच नाई. नव्या बनियनी मात्र दिल्या, पाठीवर बियाण्याच्या दुकानाचं नाव.

मैदान म्हणजे वावराचा तुकडा. वरून चार टोपल्या मुरूम. खाली काळी माती आहे, ती मार्चात फाटते. आपण आपलं मैदान खोदून मुरूम भरला होता, पाणी मारून मारून दाबला होता. ते असं फीत कापायच्या आदल्या दिवशी होत नाई.

औषध घेणारी पोरं गेली याचं मले दुःख नाई असं समजू नका. पण दुःख झालं म्हणून पोराले खेळ येत नाई. त्याले संध्याकाळा लागतात. मी सांगते ते ऐका. औंदा नव्या आठ गावांत नुसतं शिकवा. मोईज, पियुष, तुमची जुनी पोरं जातीन, शिकवतीन. सामने पुढल्या साली.

दुर्गा


अकोला
१२ जानेवारी २००६

दुर्गावहिनी,

सूचना चांगली आहे. आणि उशिराची आहे. वेळापत्रक छापून झालं, पंच ठरले, उद्घाटनाला पाहुणे ठरले. नुसतं शिकवायचं म्हटलं तर एक वर्ष कोण थांबेल? पोरांना सामना हवा असतो. भगवंता एक दिवस तरी नुसता शिकायला आला होता का? तो पहिल्या दिवशीच भांडायला आला होता.

मैदानांकडे लक्ष द्यायला त्या त्या गावच्या मंडळींना सांगितलं आहे.

तुमची सामन्याची बातमी मात्र पाठवत राहा. आमचे पंच आता 'बाद' म्हणतात, कागदावर 'बाद' लिहितात. 'मेला' आणि 'जिता झाला' म्हणणारं आता तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही. मला तेच गोड लागतं.

तुमचा,
गफ्फार


सोनखेड
२० फेब्रुवारी २००६

गफ्फारभाऊ,

बातमी पाहिजे म्हणता, तं घ्या.

आपल्या पोरांनी बोरटाकळीवर एवढे गुण चढवले की पाटीवर लिहिणारा पोरगा कंटाळून खडू खाऊन राहिला होता. अकोटच्या नव्या संघाले दर्यापूरनं तसंच धुतलं. तिथी मोईज पहिल्याच झटक्यात मेला, जिता झाला, परत मेला. त्याच्या बाजूले कोणी धरणारंच नाई. मले म्हणाला, आजी, मी कोणाचा हात दाबू? अन् गेल्या साली दर्यापूरचा अन् आपला सामना एका गुणावर सुटला होता, आठवते? बाया चुलीवर दूध विसरून आल्या होत्या. औंदा मध्यंतरात घरी जातात, कणिक मळतात, परत येतात, अन् विचारतबी नाई किती झाले. चांगला संघ आळशी झाला, कच्चा संघ रडवेला झाला. हे दोन्ही तुमी एका चिठ्ठीत केलं.

सहदेव सायकलनं आमच्या गावी येते. पियुष त्याले पडणं शिकवते. पोरगा मन लावते. पण सामन्यात गेला की सगळं विसरते, सरळ घुसते, अन् दर खेपी मरते. मी त्याले म्हटलं, लेका, तुले मराची एवढी काय घाई? तं हसते. पियुषपेक्षा अर्धा आहे वजनानं. त्याले एक-दोन महिने बसवा. तुमी सांगितलं तं ऐकतीन. मी सांगितलं तं म्हणतात, सातवा गडीच नाई, याले बसवलं तं संघ उतरत नाई.

खाली भुई फाटून राहिली.

दुर्गा


अकोला
१ मार्च २००६

दुर्गावहिनी,

लेकीच्या बाळंतपणासाठी बुऱ्हाणपूरला निघतो आहे. महिनाभर तिकडेच असेन. आल्यावर सहदेवचं आणि मैदानांचं बघतो. तोवर हंगामही संपत येईल, मग आपण निवांत बोलू. रागावू नका.

गफ्फार


पोस्टकार्ड
सोनखेड, १७ मार्च २००६

गफ्फारभाऊ, बोरटाकळीचा सहदेव काल मेला. रविवारी आपल्याच पोरांनी धरला होता, पियुष खाली होता. आता तरी संघ कमी करा. दुर्गा


अकोला
२७ मार्च २००६

दुर्गावहिनी,

नातू झाला. नाव उसामा ठेवलं. काल रात्री परतलो, टपालाचा ढीग पडला होता, त्यात सगळ्यात वर तुमचं कार्ड. एवढंसं कार्ड आणि त्यातही मलाच दम!

सहदेव मेला तर मेला, वहिनी! तुम्हीच म्हणता, पोरगा दर खेपी मरतो. बोरटाकळीवर इतक्या वेळा लोण चढतं की सगळा संघ बाहेर जातो आणि सगळा संघ परत आत येतो. तो कधीच जिवंत होऊन पुन्हा घुसला असेल. मरता मरताच शिकतात पोरं. आपल्या पियुषला सांगा, त्या काडीला जरा हळू धरत जा.

पेढे घेऊन येतो लवकरच.

गफ्फार


सोनखेड
३१ मार्च २००६

गफ्फारभाऊ,

नातू झाला, चांगलं झालं.

सहदेव खेळात मेला नाई. सहदेव मेला.

सामना बोरटाकळीले होता. तो चढाईले आला, पियुषनं मांडी धरली. मागून आपले दोघं जाडे पडले, नेहमी पडतात तसे. सहदेवचा पाय भुईच्या भेगेत गेला होता. अंग फिरलं अन् पाय फिरला नाई. तो डोक्यावर आला. मान. अमरावतीले नेला, तिथी चार दिवस होता. देवमन जिनिंगवरून आला तवा पोरगा डोळे उघडे ठेवून पडला होता पण बोलत नव्हता.

तुमच्या मंडळानं वर काय कळवलं मी पाहिलं. लिहिलं होतं, एक खेळाडू जखमी, सामना पूर्ण. पूर्ण व्हय. राहिलेल्या सहा पोरांले घेऊन पूर्ण केला.

तुमचं पत्र मी कोणाले दाखवलं नाई. तुमच्या मनात तसं नव्हतं हे मले समजते. तुमी माहाच शब्द माह्यापाशी वापरला. पण तुमाले एकदा तरी वाटायले पायजे होतं की खरंच तं नाई. एवढे संघ झाले की एक पोरगा बाहेर गेला काय अन् जगातून गेला काय, अकोल्यात बसून सारखंच दिसते.

पियुष जेवते. कामाले जाते. हात खिशातून काढत नाई.

दुर्गा


अकोला
३ एप्रिल २००६

दुर्गावहिनी,

माझं ते पत्र फाडून टाका. नाही, फाडू नका. मला माहीत नाही काय करावं.

मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती. बोरटाकळीचं जे लिहिलं ते खरंच होतं. पण आठाचे बारा करायचे आणि त्यातही सावकाश, असा माझा विचार होता. बियाण्याच्या ज्या दुकानानं लीगला मदत केली त्यांची अट होती, सोळा गावं, सोळा फलक. त्यापेक्षा कमी असेल तर ते येणार नव्हते. मी स्वतःला म्हटलं, अट त्यांची असली तरी भलं पोरांचंच आहे. दोन्ही एका ओळीत बसत होतं म्हणून मी पुढं विचार केला नाही. तुम्ही जानेवारीत लिहिलंत तेव्हा छपाईचं कारण दिलं. ते कारण नव्हतं.

उद्या समितीला राजीनामा देतो. लीग बंद करा असं त्यात लिहितो आहे. हे रक्त अंगावर घेऊन मला खेळ चालवता येणार नाही.

देवमनसाठी एक पत्र यासोबत आहे. त्याला वाचता येत नाही असं कळलं. तुम्ही वाचून दाखवाल का?

गफ्फार


सोनखेड
६ एप्रिल २००६

गफ्फारभाऊ,

देवमनचं पत्र परत पाठवून राहिली. चिकटवलेलं होतं तसंच आहे. मी वाचणार नाई. तोंड दिलं देवानं, एसटी दिली सरकारनं. या अन् बोला.

राजीनामा फाडा. बंद करून तुमी सुटान, बाकी कोण सुटंल? बोरटाकळीची पोरं अजून सांजेले मैदानावर येतात. खेळत नाई. रेषेच्या भायेर बसतात, ज्या पारावरून तुमी त्यांले उठवलं होतं तिथी बसत तसेच. आता तं त्यांच्याजवळ सांगायले अजून एक मेलेला आहे. तुमी त्यांले टीम दिली, मंग पोरगा नेला, आता टीमबी नेता. याले काय म्हणावं?

आठ करा. जुने आठ, जुनं वजन. बाकीच्या गावांत शिकवणं, जितके साल लागतीन तितके. दुकानवाला गेला तं जाऊ द्या, आपण फलकाशिवाय खेळलो आहो. मोईज बोरटाकळीले जायले तयार आहे. पियुषचं मी सांगत नाई, त्याचं तो ठरवंल.

येताना हार-फुलं आणू नका. पेढे तं नाईच.

दुर्गा


अकोला
१४ एप्रिल २००६

दुर्गावहिनी,

घरी पोहोचलो. तुम्ही आणि पियुष बोरटाकळीपर्यंत सोबत आलात, बरं झालं.

देवमननं बसायला पोतं टाकलं, चहा दिला. मी वाट बघत होतो की तो शिवी देईल. मी काय काय बोललो, माफी मागितली, चूक माझी म्हणालो, दुकानाची अट सांगितली. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. मग त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, मी जिनिंगवर रायतो, माह्यानं एकबी सामना पायनं झाला नाई. माहा पोरगा एकदा तरी कोणाले शिवून परत आला होता का?"

वहिनी, मी लीगचा अध्यक्ष. मला त्या पोराचा चेहरा आठवत नव्हता. पारावरून उठला होता, मला चाचा म्हणाला होता, एवढंच.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "आला होता. माह्या पियुषले शिवून. रेषेवर पालथा पडला, पण हात पलीकडं होता." आणि दारात उभ्या पियुषनं मान हलवली. देवमन उठला, आत गेला, आणि बायकोला ते सांगताना आम्ही ऐकलं. दोनदा सांगितलं त्यानं.

मी बसमध्ये तेवढंच धरून आलो. राजीनामा परत घेतला, आठ संघांचा ठराव समितीनं मान्य केला. दुकानवाले गेले. सहदेवचं नाव आणि त्याचा तो गुण मला लीगच्या अहवालात घालायचा आहे, म्हणजे ते राहील. कोणत्या सामन्यात ते? मार्चातल्या की आधीच्या?

गफ्फार


सोनखेड
१८ एप्रिल २००६

गफ्फारभाऊ,

अहवालात घालू नका. असा सामना झाला नाई.

सहदेव कोणालेच शिवला नाई. जितक्या खेपा गेला तितक्या खेपा धरल्या गेला. शेवटच्या खेपेलेबी. मी सगळे सामने पाहिले, मले चुकायचं काम नाई. पियुषलेबी माहीत होतं. घरी येऊन सायकल टेकवताना म्हणाला, आजी, तू खोटं बोलली. मी म्हटलं, व्हय. म्हणाला, मीबी. अन् खिशातून हात काढून माही पिशवी घेतली. काल मोईजबरोबर बोरटाकळीले गेला. खेळायले नाई, शिकवायले. पहिल्या दिवशी नुसतं पडणं.

तुमाले वाटंल बाईनं दया केली. दया नाई. देवमननं तुमाले विचारलं होतं, मले नाई. बापानं पोराचं विचारलं अन् ज्यानं त्याले रेषेच्या आत उतरवलं त्याच्याजवळ उत्तर नव्हतं, ते मले पाहावलं नाई. म्हणून मधात बोलली.

आता आठ आहेत. आठ संघांतल्या एकेका पोराचं नाव, त्याचा बाप काय करते, त्याचं वजन, तो कोणत्या हातानं शिवते, हे तुमाले तोंडपाठ पायजे. कागदावर नाई, तोंडपाठ. ज्या दिवशी नवव्या गावाचा पोरगा समोर आला अन् जुन्यातल्या एकाचं नाव तुमाले आठवलं नाई, त्या दिवशी नववं गाव घेऊ नका.

मले दुसऱ्या कोण्या बापासमोर असं बोलता येणार नाई.

दुर्गा